घरच्या बागेचे वर्ष: रोहिणी ते वैशाख

आमच्या घरी बागेच्या कामांची एक वही आहे आणि तिचे नवे पान दरवर्षी मे महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, उघडले जाते. कॅलेंडरचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि पंचांगाचे चैत्रात. बागेचे वर्ष मात्र पावसाच्या तोंडावर सुरू होते, कारण त्यानंतरच्या चार महिन्यांत जे जगते तेच पुढे आठ महिने सांभाळायचे असते. वहीतल्या जुन्या नोंदी चाळल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जुलैत जे झाड कुजले, त्याचे कारण मे महिन्याच्या पानावर सापडते आणि ऑक्टोबरात जे वाळले, त्याचे सप्टेंबरच्या. म्हणून पुढील कामे ऋतूंच्या नावाने लिहिली असली, तरी त्यांतली बरीचशी त्या ऋतूच्या पंधरा-वीस दिवस आधी उरकायची आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावे.

हे वेळापत्रक पुण्याच्या हवेचे आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो; तासा-दीड तासाच्या अंतरावरील लोणावळ्यात त्याच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे मावळात किंवा कोकणात राहणाऱ्यांनी निचऱ्याविषयी जे लिहिले आहे ते दुप्पट काळजीने करावे आणि नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी उन्हाळ्याची कामे पंधरा दिवस अलीकडे आणावीत. साताऱ्याला व नाशिकला फारसा बदल करावा लागणार नाही.

रोहिणीतली तयारी

पहिले काम कुंड्यांचे. उन्हाळाभर कुंड्यांखाली पाण्यासाठी ठेवलेल्या ताटल्या मे अखेरीस काढून, घासून, उपड्या करून ठेवाव्यात आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर अशी ठेवावी, की तळाची भोके मोकळी राहतील. मग एका रिकाम्या सकाळी प्रत्येक कुंडीत लिटरभर पाणी ओतून पाहावे. पाणी घटकाभरात मातीत शिरून तळातून ठिबकू लागले तर ती कुंडी पावसाळ्याला तयार आहे. पाणी वरच तळ्यासारखे साचून राहिले, तर तळाच्या भोकातून जुनी सळई किंवा पेचकस आत घालून हलके फिरवावे. बहुतेक वेळा मुळांची गुंडाळी किंवा घट्ट बसलेला गाळ भोक अडवून बसलेला असतो. तेवढ्याने भागले नाही, तर झाड काढून माती बदलण्यावाचून इलाज नाही आणि ते काम आत्ताच करावे लागते. भर पावसात चिखल झालेली माती हाताळली की ती पुढे विटेसारखी घट्ट बसते.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यावा, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मी स्वतः अनेक वर्षे तसेच करीत असे, आता करीत नाही. माती आणि खडे यांच्या सीमेवर पाणी अडून राहते, वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय ते खड्यांत उतरत नाही, आणि परिणामी ओलीचिंब माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक वाकडी खापरी उपडी ठेवली, की माती वाहून जात नाही आणि पाणी जाते. त्याहून अधिक काही लागत नाही. निचरा सुधारायचा असेल तर तो मातीतच सुधारावा. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा भाताचे तूस हे मिश्रण पुण्याच्या पावसाला पुरते. कोकोपीट उन्हाळ्यात उपकारक असले, तरी ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे उघड्यावरच्या कुंड्यांत पावसाळ्याआधी ते भरमसाट घालू नये.

शेणखताबाबत एक अनुभव सांगतो. एका वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून मी टेम्पोवाल्याकडून चार पोती शेणखत घेतले. पोते उघडल्यावर शेणाचा उग्र वास आला, हाताला ऊबही लागली, तरीही घाईने ते कुंड्यांत मिसळले. ऑगस्टात निशिगंधाची पाने एकाएकी माना टाकू लागली, पाणी द्यावे तर माती ओलीच. शेवटी एक कुंडी उलटी केली, तेव्हा मातीच्या गोळ्यातून इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या व तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या टपटप खाली पडल्या. एका कुंडीत अकरा मोजल्या. ती हुमणी होती आणि तिने मुळे शब्दशः कुरतडून संपवली होती. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीची अंडी व अळ्या बरोबर येतात. कुजलेले शेणखत काळपट, भुसभुशीत, थंड असते आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. याखेरीज कोणतेही शेणखत सावलीत ढीग करून, अधूनमधून उलथत तीन-चार महिने ठेवल्याशिवाय वापरू नये. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ यांसारख्या झाडांवर पाने खायला गोळा होतात. अंगणात कडुनिंब असेल तर त्या आठवड्यात अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडणारे भुंगेरे वेचावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत, कारण तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे पुढच्या कित्येक अळ्या टळल्या.

गच्चीवर बाग असणाऱ्यांनी याच दिवसांत पावसाच्या पाण्याच्या नळीचे तोंड साफ करून त्यावर जाळी बसवावी. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते, म्हणजे वीस लिटरची एक कुंडी पावसात तीस किलोंहून जड होते. अशा कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता खालच्या भिंती व तुळया जिथे आहेत त्या रेषेत, कडेने मांडाव्यात. पाणी अडून स्लॅबवर साचले तर बागेपेक्षा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा प्रश्न मोठा होतो.

छाटणीत या सुमारास शेवग्याचे काम महत्त्वाचे असते. शेंगा संपल्यावर झाड तीन-चार फुटांवर छाटले, तर पावसाळी वाऱ्यात ठिसूळ फांद्या मोडून पडत नाहीत आणि नव्या फुटव्यांवर शेंगा हाताशी लागतात. लिंबू, पेरू, अनंत यांच्या वाळक्या व आत वळलेल्या फांद्या काढून टाकाव्यात, म्हणजे पावसाळ्यात आतून वारा खेळतो. जिथे फांदी कापली तिथे बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावावे: 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि 100 ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात. फवारणीसाठी हेच मिश्रण एक टक्क्याचे करतात, म्हणजे लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना. कोकणात व गोव्यात सुपारीच्या घोसांना कोळे रोगापासून वाचवण्यासाठी पावसाआधी हेच मिश्रण फवारतात. ते करण्याची रीत मात्र नीट पाळावी लागते. मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावे, चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये कालवून गाळून घ्यावा आणि मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतत काठीने ढवळावे. आकाशी रंगाचे दुधाळ मिश्रण तयार झाले, की घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे आणि ते पाने जाळील; थोडी चुन्याची निवळी आणखी घालून पुन्हा पाहावे. खिळा स्वच्छ निघाला म्हणजे मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरून संपवावे, धातूच्या भांड्यात ठेवू नये, फवारताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि कोथिंबीर, पालक यांसारख्या खायच्या पानांवर ते मुळीच मारू नये.

मृगापासून हस्तापर्यंत

मृग नक्षत्र जूनच्या 7 किंवा 8 तारखेला लागते आणि पुण्यात मोसमी पाऊस साधारण दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. पहिली सर पडली की हातात कुदळ घेण्याची घाई होते, पण वळवाचा एक पाऊस म्हणजे पावसाळा नव्हे. बोटभर खोल माती ओली आणि खालची कोरडी, अशा स्थितीत लावलेली रोपे पुढच्या आठ कोरड्या दिवसांत जातात. टीचभर खोल खणून ओल लागली, तरच जमिनीत लागवड करावी. काकडी, दोडका, घोसाळे, कारले, भेंडी व गवार यांच्या बिया मृगात किंवा आर्द्रात टाकाव्यात. वेलांचा मांडव मात्र बी टाकण्याआधी उभा असावा, नंतर वेलाला दुखापत न करता बांबू रोवणे जमत नाही. हळद व आले अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले असले तर आता त्यांच्या बुंध्याशी मातीची पहिली भर द्यावी. हळदीची पाने नागपंचमीला पातोळ्यांसाठी लागतात, तरी प्रत्येक रोपाची एक-दोनच घ्यावीत, कारण खालचे कंद त्या पानांवरच पोसायचे असतात.

झाडे मोठ्या कुंडीत हलवायलाही हाच काळ उत्तम, कारण हवा दमट असते आणि ऊन सौम्य. झाड उलटे करून काढल्यावर मुळे कुंडीच्या आकाराने गोल गोल वळलेली दिसली, तर धारदार सुरीने बाहेरचा सुमारे तिसरा हिस्सा कापून टाकावा. न कापता लावलेले झाड नव्या मातीतही जुन्याच गोलात फिरत राहते. तगर, जास्वंद, कण्हेर व मोगरा यांची छाट कलमे जून-जुलैत सहज लागतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची पक्व काडी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या कोंबाच्या, लगेच खाली द्यावा, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि काडी सावलीत, वाळूमिश्रित मातीत दोन डोळे गाडले जातील इतकी खोल रोवावी. रुजली की नाही हे पाहायला ती उपटू नये. हा मोह फार जणांना आवरत नाही, मलाही नाही.

पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. जुलैच्या या झडीत बागेत शक्य तितके कमी करावे. खत देऊ नये; दिलेले वाहून जाते आणि जे राहते त्याने फोफावलेली कोवळी पाने बुरशीला आयते निमंत्रण ठरतात. ॲडेनियम, कोरफड, निवडुंग हे सगळे वळचणीखाली किंवा गॅलरीत हलवावेत. गुलाबाची पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाने खाली पडली की वेचून बागेबाहेर टाकावीत, खताच्या खड्ड्यात नकोत. या दिवसांत पाने पिवळी पडली की पुष्कळजण खत कमी पडले असे समजतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मुळांना हवा मिळत नसते. कुंडी किंचित कलती करून रात्रभर ठेवावी व वरची दोन इंच माती खुरप्याने सैल करावी, एवढ्याने आठवड्यात फरक दिसतो.

गोगलगायींचे काम मात्र रोजचे असते. आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत झेंडूच्या रोपांची अख्खी ओळ फस्त करते आणि दिवसा ती कुठेच दिसत नाही. तिच्यावर मीठ टाकण्याची सवय वाईट, कारण मीठ मातीत उतरते आणि झाडाला बाधते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून ठेवावे. सकाळी ऊन वर येण्यापूर्वी ते उलटले, की खाली जमलेल्या गोगलगायी दिसतात. हातमोजा घालून त्या वेचाव्यात आणि बादलीतील दाट मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांना शिवू नये, कारण त्यांच्यापासून माणसालाही परजीवींचा संसर्ग होऊ शकतो. मुलांना या कामाला लावायचे असेल तर मोज्यांशिवाय नको.

डासांविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ताटल्या, रिकामे डबे, पक्ष्यांचे पाणी, मनी प्लांटची बाटली हे सारे आठवड्यातून एकदा ओतून द्यावे. ओतणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे कडा काथ्याने घासाव्या लागतात.

ऑक्टोबर

पुण्यातल्या बागेचा सर्वांत धोक्याचा महिना कोणता, असे विचारले तर बहुतेक जण मे सांगतील. माझ्या वहीप्रमाणे तो ऑक्टोबर आहे. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या 26-27 तारखेला लागते, हत्तीचा गडगडाटी पाऊस पडतो आणि मग चित्रा नक्षत्रात आकाश एकदम निरभ्र होते. चार महिने ढगाखाली वाढलेली लुसलुशीत पाने अचानक कडक उन्हात येतात आणि पाणी घालणारा माणूस मात्र अजून पावसाळ्याच्या सवयीत असतो. आमच्याकडे बागेला हातभार लावायला येणारे माळीबाबा दरवर्षी न चुकता विचारत, “दादा, पाऊस गेला, तुमचा पाइप कुठाय?” आणि दरवर्षी तो पाइप माळ्यावर असायचा.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच पाइप, झारी व ठिबकच्या नळ्या तपासून ठेवाव्यात. पाऊस थांबल्यापासून तिसऱ्या दिवशी प्रत्येक कुंडीत बोट दोन पेरे खोल घालून पाहावे. कोरडे लागले तर तळातून निघेपर्यंत पाणी द्यावे. पावसाने वरची माती चोपून घट्ट केलेली असते आणि पाणी कुंडीच्या कडेकडेने निसटून जाते, तेव्हा आधी माती सैल करणे आवश्यक आहे. चार महिन्यांत खतही धुऊन गेलेले असते. दहा-बारा इंची कुंडीला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत व एक मूठ निंबोळी पेंड आता द्यावी. ज्यांना शेण व गोमूत्र मिळते त्यांनी जीवामृत करावे: 10 लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि बांधावरची किंवा वडाखालची चिमूटभर माती. सावलीत फडके झाकून, रोज सकाळ-संध्याकाळ ढवळत दोन-तीन दिवस ठेवावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. गच्चीवर याचा वास शेजारपाजारपर्यंत जातो, याची कल्पना आधीच द्यावी हे बरे.

गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस नक्की गेल्यावर करावी. तिच्याइतके वर्षभराच्या फुलांवर परिणाम करणारे दुसरे काम नाही, म्हणून ते घाईने उरकू नये. छाटणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करावे. प्रथम वाळलेल्या, काळ्या पडलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या बुंध्यापासून काढाव्यात. त्यानंतर एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी दुबळी काढावी. उरलेल्या तीन ते पाच सशक्त फांद्या निम्म्यावर आणाव्यात. काप नेमका कुठे द्यायचा, हे एकदा जवळून पाहिले की पुन्हा चुकत नाही: फांदीवर पानाच्या देठाच्या बेचक्यात लालसर, तांदळाच्या दाण्याएवढा फुगीर डोळा असतो, झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला असा डोळा निवडावा आणि त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतरणारा तिरका काप द्यावा, म्हणजे दवाचे पाणी डोळ्यावर न ओघळता मागे जाते. आतला गाभा पांढरा दिसला तर काप योग्य जागी पडला; तपकिरी दिसला तर मर अजून खाली आहे, आणखी खाली कापावे. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, गाठीच्या खालून आलेला जोमदार फुटवा पाहून हरखून जाऊ नये. तो खुंटाचा म्हणजे जंगली असतो, वरच्या गुलाबाचे अन्न खातो, आणि तो नुसता न कापता माती उकरून मुळाशी उपटावा लागतो. छाटणीनंतर सुमारे 45 दिवसांनी फुले येतात, तेव्हा मार्गशीर्षातल्या एखाद्या कार्यासाठी घरची फुले हवी असतील तर तारीख उलटी मोजून कात्री घ्यावी.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात लाल कोळी येतो. जास्वंद, गुलाब, वांगी यांची पाने धुरकट, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची दिसू लागली, तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले लाल ठिपके चालू लागले म्हणजे कोळी आहे. सलग चार-पाच सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पुष्कळसा आटोक्यात येतो. न आल्यास कडुनिंबाचे तेल लिटरला 5 मिलिलिटर, थोडा मऊ साबण घालून, ऊन उतरल्यावर फवारावे.

याच महिन्यात हिवाळी रोपांचे बी पडले पाहिजे. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर यांची रोपे सप्टेंबरअखेरीस टाकलेली असली तर आता पुनर्लागवडीला येतात. मेथी, पालक व मुळा थेट वाफ्यात पेरावेत, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे. एकाच दिवशी सगळे पेरले तर एका आठवड्यात घरादाराला आणि शेजाऱ्यांना मेथी, नंतर महिनाभर काही नाही. धणे पेरण्यापूर्वी चपलेच्या टाचेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फोडी कराव्यात, कारण एका धण्यात दोन बिया असतात, आणि रात्रभर भिजवून मगच पेराव्यात.

लिंबाविषयी नेहमी विचारले जाते, की ऐन उन्हाळ्यात लिंबे का लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये लिंबे हवी असतील तर फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात यावे लागते, त्यालाच हस्त बहार म्हणतात. त्यासाठी त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि नेमका तेव्हा पाऊस पडत असतो. बाजारातही लिंबे मे महिन्यात महागतात, त्याचे एक कारण हेच आहे. जमिनीतल्या झाडाला हा खटाटोप घरी करू नये. कुंडीतले झाड मात्र ऑगस्टअखेरीस पत्र्याखाली ओढून, पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी तोडता येते. मग खत व पाणी एकदम सुरू केले की बहार येतो.

थंडी

हिवाळा आपल्याकडे बागेला मानवतो आणि माणसाने फारसे काही करण्याची गरज नसते. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्यावे, संध्याकाळी नको. पुण्यात काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा तुळस काळवंडते. मंजिऱ्या खुडून कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवली की फाल्गुनात पुन्हा फुटते. काकडीवर्गीय वेलांवर व गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी दिसली, तर आंबट ताक दहापट पाण्यात घालून दर चार दिवसांनी फवारण्याचा घरगुती उपाय सुरुवातीलाच केल्यास उपयोगी पडतो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन पाहायला जरूर जावे, पण तिथे पाहिलेली पिटुनिया व डेलियाची फुललेली रोपे उत्साहाने विकत आणताना, त्यांचा हंगाम मार्चमध्ये संपतो हे विसरू नये.

एक काम मात्र थंडीतच करावे लागते, ते मोगऱ्याचे. डिसेंबरअखेरीस दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे, नंतर झाड जमिनीपासून फूट-दीड फुटावर सगळीकडून छाटावे, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढावीत, बुंध्याभोवतीची माती मुळे किंचित उघडी पडेपर्यंत उकरून दोन-तीन दिवस ऊन द्यावे आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी सुरू करावे. झाड इतके बोडके दिसते, की घरातले लोक हळहळतात. मार्चमध्ये नव्या फुटीच्या टोकांना कळ्यांचे झुबके लागले, की कोणी काही बोलत नाही. मोगऱ्याला रोज किमान सहा तास ऊन लागते. सावलीतला मोगरा कितीही छाटला तरी पानेच देतो.

फाल्गुन ते वैशाख

फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडे पाने गाळतात आणि कुठे ना कुठे ती पेटवलेली दिसतात. ती पोत्यांत भरून आणावीत. जाळीच्या पिंपात किंवा कोपऱ्यातल्या विटांच्या हौदात टीचभर पाला, वर शेणकाला किंवा आंबट ताकाचे पाणी, पुन्हा पाला, असे थर देऊन ओलसर ठेवल्यास जूनपर्यंत निम्म्याहून अधिक कुजते आणि रोहिणीतल्या मातीच्या मिश्रणाला हाताशी येते. काही पोती मात्र तशीच कोरडी राखावीत, ती आच्छादनाला लागतात. कढीपत्त्याचे शेंडे या सुमारास खुडावेत, म्हणजे बाजूने फूट येते. ॲडेनियमची माती बदलायची तीही आत्ताच.

होळीनंतर कुंड्या एकमेकींना चिकटवून, लहान आत व मोठ्या बाहेर अशा मांडाव्यात; काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांच्या पश्चिमेकडील बाजूला गोणपाट गुंडाळावे, कारण दुपारच्या उन्हात त्या कुंड्यांतली माती इतकी तापते, की कडेची मुळे भाजून निघतात. प्रत्येक कुंडीत व आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, बुंध्यापासून दोन बोटे जागा सोडून. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी भाजीपाल्यावर व फर्नवर बांधावी. मोगरा, बोगनवेल आणि लिंबू यांना ती नको. पाणी सकाळी सातच्या आत एकदाच, पण मनसोक्त द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी झाड मान टाकते. जास्वंदीवर कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण याच दिवसांत वाढतो. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, बाकीचे पाण्याच्या जोराने धुवावेत, आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण मुंग्या गोड चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात.

ज्या कुंड्यांतली झाडे रोगाने गेली त्यांची माती टाकून देऊ नये. ती ओलसर करून पारदर्शक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरावी, तोंड बांधून गच्चीवर चार ते सहा आठवडे पसरून ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हाने आतली माती तापून बुरशी, सूत्रकृमी व तणाचे बी बरेचसे मरते. काळे प्लास्टिक घेऊ नये, त्याने वरचा पापुद्राच तापतो.

मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे असेल तर शेजाऱ्यांवर सगळी भिस्त ठेवण्याऐवजी कुंड्या उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत गोळा कराव्यात, मोठ्या झाडांच्या आळ्यात बिनझिलईची मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावीत व वर झाकणी ठेवावी, लहान कुंड्यांसाठी पाण्याच्या बादलीतून जुन्या सुती साडीच्या चिंध्यांच्या वाती काढून दुसरे टोक मातीत चार बोटे खोल दाबावे. बादली कुंडीपेक्षा वीतभर उंच विटांवर हवी. ही व्यवस्था निघण्याच्या तीन दिवस आधी करून पाहावी, म्हणजे कोणती वात चालते आणि कोणती मध्येच सुकते हे कळते. जाताना हिरव्या जाळीची एक बाजू सोडून ठेवावी, कारण वळवाच्या वादळात चारही बाजूंनी ताणलेली जाळी खांबांसकट उडून जाते.

परत आल्यावर ताटल्या काढायला सुरुवात करावी.